‘येते’ म्हणताना



घरातून बाहेर पडताना ‘जाते’ म्हणायचे नाही, ‘येते’ म्हणायचे, हे आपणा सर्वांना लहानपणीच शिकविलेले आहे. चुकून कोणी ‘जाते’ म्हटले की आतून आईचा आवाज येई, ‘अगं, येते म्हण!’ मग उंबऱ्यावर थांबून ‘येते’ म्हणायचे आणि निघायचे. इस्राएलमध्ये आल्यावर आपण ‘लेहित्राओत’ म्हणायला शिकलो. त्याचाही अर्थ पुन्हा भेटू असाच आहे. म्हणजे दोन्ही भाषांत निघणारा माणूस जाता जाता एक वचन देऊन जातो. ते वचन खरे असते की नुसती रीत असते, याचा विचार आपण सहसा करीत नाही. मीही केला नव्हता. परंतु २०२५ सालात मला तीन उंबऱ्यांवर हा शब्द उच्चारावा लागला, आणि तिन्ही वेळा तो जिभेवर अडखळला. त्याविषयी चार शब्द लिहिते. उपदेश करण्याचा हेतू नाही. तो तीस वर्षे वर्गात करून झाला आहे.

पहिला उंबरा शाळेचा. निवृत्तीनंतर काहीतरी सेवा करावी असे मनात होते. एका स्वयंसेवी संस्थेमार्फत अलिबाग तालुक्यातील एका मराठी शाळेत इंग्रजी व गणित शिकविण्यासाठी मी जानेवारी २०२५ मध्ये गेले आणि मार्चअखेर, पेसाहच्या आधी, परत आले. कागदोपत्री मी ‘परदेशी स्वयंसेविका’ होते. ज्या जिल्ह्यात माझ्या आजोबांनी घाणा चालविला, जेथे आपल्या लोकांना शनिवारी काम बंद ठेवतात म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणत, जेथील एका गावाचे नाव आजही माझ्या आडनावात आहे, तेथे मी परदेशी! पहिल्या दिवशी मुलांनी मला मोडक्या इंग्रजीत नमस्कार केला. मी मराठीत उत्तर दिले तेव्हा सगळा वर्ग हसला, आणि त्या क्षणापासून मी ‘बाई’ झाले.

काम चांगले झाले असे म्हणण्यास हरकत नाही. मुले हुशार होती. माझे भोजन, निवास, सारे व्यवस्थित होते. गावात कोणाच्या घरी गेले की चहा होई, निघताना हातात पापड किंवा कोकम पडे. सत्कारही झाला, शाल व नारळ मिळाला. निरोपाच्या दिवशी एका मुलीने विचारले, ‘बाई, परत कधी येणार?’ मी म्हटले, ‘येईन हं.’ त्यावेळी शाळेच्या मुख्याध्यापिका जवळ उभ्या होत्या. नंतर त्या मला शांतपणे म्हणाल्या, ‘बाई, राग मानू नका. येणारे पुष्कळ असतात, राहणारे थोडे असतात. प्रत्येकजण येईन म्हणून जातो. मग दोन दिवस मुले गप्प असतात आणि पुढचा आला की त्याच्याशी जरा बेताने बोलतात.’

हे वाक्य माझ्या सामानात कोठे नोंदलेले नव्हते, पण तेच सर्वात जड ओझे घेऊन मी विमानात बसले.

दुसरा उंबरा आजोबांच्या घराचा. परत निघण्यापूर्वी एका रविवारी मी ते घर पाहण्यास गेले. आमच्या माणसांनी ते विकून साठाहून अधिक वर्षे झाली. आता तेथे दुसरे कुटुंब राहते. कौले जाऊन पत्रे आले आहेत, पण दाराची चौकट जुनीच आहे. आणि त्या चौकटीच्या उजव्या बाजूला, थोडी तिरपी, मेझुझा! तिच्यावर रंगाचे इतके थर बसले होते की ती लाकडाचीच गाठ वाटावी. वर झेंडूचे तोरण होते. घरच्या बाई म्हणाल्या, ‘जुन्या मालकांचे देवाचे आहे, काढू नका असे सासूबाईंनी सांगितले होते. आम्ही दर दिवाळीला रंग देतो, पण काढले नाही.’

वाचकांना ठाऊकच असेल की याबाबत आपले नियम स्पष्ट आहेत. घर सोडताना पुढे राहणारा यहुदी असेल तर मेझुझा काढून न्यावयाची नाही, ती दारावरच राहू द्यावयाची. पुढे राहणारा यहुदी नसेल तर काढून घ्यावयाची, कारण त्याच्यावर ते बंधन नाही आणि पवित्र अक्षरांची हेळसांड होऊ नये. म्हणजे आमच्या माणसांनी घर विकले तेव्हा ती काढायला हवी होती. घाईत राहिली असेल, किंवा परत येऊ असे वाटले असेल. कोण जाणे. मी त्या बाईंना नियम समजावून सांगितला. त्यांच्या मुलाने हलक्या हाताने ती सोडविली. आतील चर्मपत्र काळे पडून त्याचा तुकडाच उरला होता. एकही अक्षर वाचता येत नव्हते. तो तुकडा मी कागदात गुंडाळून अलिबागच्या इस्राएल आळीतील मागेन अबोथ सिनेगॉगमध्ये, जेथे १८४८ पासून आपल्या लोकांची प्रार्थना चालत आली आहे, नेऊन दिला, म्हणजे जीर्ण लिखाणाबरोबर त्याचेही दफन होईल. रिकामी डबी मात्र बाईंनी मागून घेतली. ‘दार ओके दिसेल हो,’ म्हणाल्या. मुलाने ती पुन्हा त्याच जागी ठोकली.

त्या दारातून निघतानाही मी ‘येते’ म्हणाले. बाई म्हणाल्या, ‘या. घर तुमचेच आहे.’ दोघींनाही ठाऊक होते की घर माझे नाही. तरी त्यात खोटे काही वाटले नाही. याचे कारण पुढे सांगते.

तिसरा उंबरा माझा स्वतःचा, बेअरशेबाचा. १९८३ साली इस्राएलमध्ये आल्यापासूनची बहुतेक वर्षे ज्या चाळीवजा इमारतीत काढली ती साठीच्या दशकातील आहे. चार मजले, लिफ्ट नाही, मामाद नाही. १९९१ च्या आखाती युद्धानंतर नव्या घरांत मामाद, म्हणजे काँक्रीटची सुरक्षित खोली, बांधणे सक्तीचे झाले. आमची इमारत त्या आधीची. तेथील रहिवाशांनी भोंगा वाजला की अंगणातील मिक्लातमध्ये धावावे, आणि धावता येत नसेल तर जिन्यात बसावे.

माझ्या समोरच्या दारी मरोक्कोहून आलेल्या एक बाई राहतात. वय शहाऐंशी. मी शाळेत शिकवीत असे म्हणून त्या मला अजून ‘मोरा’ म्हणतात. मोरा म्हणजे बाई. कोकणात बाई आणि येथे मोरा, पदवी एकच. चाळीस वर्षांत त्यांच्या घरचा कुसकुस माझ्याकडे आणि माझ्या घरचा मलिदा त्यांच्याकडे किती वेळा गेला याचा हिशेब नाही. त्यांचे गुडघे गेलेले आहेत. मुले लांब आहेत, पण त्यांना आपले घर सोडावयाचे नाही.

जून २०२५ मध्ये इराणशी बारा दिवसांचे युद्ध झाले. १९ जूनला क्षेपणास्त्र सोरोका रुग्णालयावर पडले, आणि २४ जूनच्या सकाळी, युद्धविरामाच्या तोंडावर, बेअरशेबातील एका रहिवासी इमारतीवर पडून चार माणसे मेली. त्या बारा दिवसांत मी मिक्लातमध्ये एकदाही गेले नाही. गेले असते, पायांत तेवढे बळ अजून आहे, पण समोरच्या बाईंना उतरता येत नव्हते. दोघी जिन्याच्या मधल्या वळणावर, भिंतीला पाठ लावून, हात धरून बसत होतो. त्या त्यांच्या भाषेत काही पुटपुटत, मी शमा म्हणे.

युद्ध संपल्यावर माझी मुलगी अश्दोदहून आली आणि म्हणाली, ‘ईमा, आता पुरे. आमच्या इमारतीत मामाद असलेले छोटे घर भाड्याने मिळते आहे. तू येणार. तुझ्या काळजीने मी रात्रभर झोपत नाही.’ मी होकार दिला. तिच्या जागी मी असते तर हेच म्हणाले असते.

आता बिऱ्हाड हलविण्याची तयारी चालू आहे. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण चाळीस वर्षांचे बिऱ्हाड पाठीवर मावत नाही. १९८३ साली येताना दोन पत्र्याच्या ट्रंका, एक तांब्याचा हंडा आणि मलिद्याचे पितळी ताट एवढेच होते. आज खोकी संपत नाहीत. खोकी भरताना माणूस आपोआप न्यायाधीश होतो. प्रत्येक वस्तू हातात घेऊन विचारावे लागते की हिला न्यावे, द्यावे की टाकावे? मराठी पुस्तके मुलीच्या घरी कोणी वाचणार नाही, तेव्हा ती समाजातील ज्यांना डोळे आणि हौस दोन्ही आहेत अशा दोघा-तिघांना वाटली. हंडा नातवाने मागितला, त्याला त्यात झाड लावायचे आहे. लाव म्हटले. मलिद्याचे ताट मुलीला दिले, पण भिंतीला टांगण्यासाठी नव्हे तर वापरण्यासाठी, या अटीवर. ज्या वस्तूला पुढे काम आहे ती देताना दुःख होत नाही, असा माझा अनुभव आहे. दुःख होते ते जिला काम उरले नाही तिचे.

वस्तूंचा निवाडा असा सोपा आहे. प्रश्न समोरच्या दाराचा आहे.

समोरच्या बाईंना मी जाण्याचे सांगितले तेव्हा त्यांनी आकांत केला नाही. त्या एवढेच म्हणाल्या, ‘मोरा, हिवाळ्यात तू त्या मुलांना शिकवायला विमानाने गेलीस. छान केलेस. तीन महिने माझ्या औषधांच्या चिठ्ठ्या मला कोणी वाचून दाखविल्या नाहीत. मी तक्रार करीत नाही. तुला ठाऊक असावे म्हणून सांगितले.’

मला ते ठाऊक नव्हते. चार हजार किलोमीटर लांब कोणत्या मुलाला गुणाकार येत नाही हे मला कळत होते, आणि चार पावलांवर कोणाला चिठ्ठी वाचता येत नाही हे कळले नव्हते.

मग दूरची सेवा खोटी होती काय? या प्रश्नाने मला बरेच दिवस झोप दिली नाही. आपल्या शास्त्रात त्सेदाकाचा क्रम सांगितला आहे. आधी आपले कुटुंब, मग आपल्या गावचे गरीब, मग परगावचे. हा क्रम ऐकून एखादा म्हणेल की परगावी जाण्याची काय गरज होती? पण क्रम म्हणजे मनाई नव्हे. पहिल्याला दिल्यावर दुसऱ्याला देऊ नये असे कोठेही म्हटलेले नाही. उलट शांतीने नांदण्यासाठी अन्य धर्मीयांच्या गरिबांनाही आपल्या गरिबांबरोबरच द्यावे असे आपले जुने पंडित सांगून गेले. शिवाय कोकणच्या त्या मुलांना मी परकी मानू शकत नाही. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आपले पूर्वज आले अशी आपली परंपरा आहे. त्यानंतर शतकानुशतके ज्या लोकांनी आपला शनिवार पाळू दिला, धर्माखातर कधी छळ केला नाही, त्यांच्या नातवंडांना चार गणिते शिकविणे हा उपकार नव्हे, ते जुने देणे आहे.

तेव्हा दूरची सेवा खोटी नव्हती. पण ती सोपी होती, हे कबूल केले पाहिजे. का सोपी होती? कारण तिला परतीचे तिकीट होते. कामाला आरंभ होता, शेवट होता, शेवटी शाल-नारळ होता. मी थकले तरी मार्चअखेर माहीत होती. शेजारधर्माला परतीचे तिकीट नसते. तेथे कोणी सत्कार करीत नाही, कारण त्याला कोणी सेवा म्हणतच नाही. रोजची चिठ्ठी, रोजचा दिवा, जिन्यातला हात. रंबाम यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. त्यांत सर्वात वरची पायरी माणसाला काम, कर्ज किंवा भागीदारी देऊन स्वतःच्या पायांवर उभे करण्याची आहे. शाळेतील मुलांना ते लागू पडते. परंतु ज्या माणसाचे पाय पुन्हा उभे राहणारच नाहीत, त्याचे काय? तेथे दानाची नव्हे, सोबतीची गरज असते. आणि सोबत पोस्टाने पाठविता येत नाही.

कोणी म्हणेल, जीव वाचविणे हे बहुतेक सर्व बंधनांहून मोठे आहे, शब्बाथही त्यापुढे बाजूला ठेवतात. तुम्ही सुरक्षित घरी जाता यात दोष कसला? दोष नाही, हे मलाही मान्य आहे. मुलगी ही क्रमाने पहिली, तिची झोप ही माझी जबाबदारी. परंतु जाण्याची परवानगी मिळाली म्हणजे मागचे देणे फिटले, असे होत नाही. परवानगी वेगळी, फेड वेगळी. आपण बहुधा पहिलीच्या पावतीवर दुसरी जमा धरतो.

या विचारात असताना मला पुन्हा मेझुझा आठवली. पंडितांनी एक प्रश्न सोडविला आहे. मेझुझा लावण्याचे बंधन कोणाचे, घराचे की राहणाऱ्याचे? त्यांचे उत्तर, राहणाऱ्याचे. भाडेकरूनेही ती लावावी, मालकाकडे बोट दाखवू नये. इस्राएलबाहेर भाडेकरूला तीस दिवसांची सवलत आहे, या देशात ती नाही, ताबडतोब लावावयाची. आता, बंधन राहणाऱ्याचे असेल तर राहणारा निघताना आपली मेझुझा घेऊन का जात नाही? तरीही नियम म्हणतो, काढू नकोस, मागे येणाऱ्यासाठी ठेव. म्हणजे कर्तव्य माझे, पण त्या कर्तव्याने जे दारावर आले ते केवळ माझे राहिले नाही. ते दाराचे झाले. मी निघाले म्हणून दार उघडे पडता कामा नये.

शेजारधर्माचे असेच असावे, असे माझे मत झाले आहे. त्याचे दोन भाग आहेत. एक भाग दाराचा आहे. भोंगा वाजला की समोर ठोठावणे, चिठ्ठी वाचणे, दोन दिवस दिवा दिसला नाही तर चौकशी करणे. जो या घरात राहील त्याचे हे काम आहे, आणि ते रिकामे पडू नये याची व्यवस्था करून मगच मी निघाले पाहिजे. दुसरा भाग माणसाचा आहे. चाळीस वर्षांची ओळख, कुसकुस आणि मलिदा. ती ओळख दारावर ठोकून ठेवता येत नाही. ती माझ्याबरोबर येते, आणि तिचे देणेही माझ्याबरोबर येते.

पहिल्या भागासाठी मी एवढेच करू शकले. घर भाड्याने घेण्यास विद्यापीठातील तीन विद्यार्थी तयार होते, भाडे चांगले देत होते. वर्ष-दोन वर्षांत ते जाणारे, आणि त्यांच्या वयाला समोरच्या दाराचे ओझे कशाला? दुसरी एक तरुण परिचारिका होती, नवरा व लहान मूल असलेली, तिला ते भाडे परवडत नव्हते. मी तिला आधी समोरच्या बाईंकडे चहाला नेले. तिघी तासभर बसलो. निघताना ती स्वतःहून म्हणाली, ‘यांचा रक्तदाब कोण पाहते?’ मी तिला घर कमी भाड्यात दिले. मुलगी म्हणाली, ‘ईमा, हा तोटा आहे.’ आहेच. शेजारधर्म करारपत्रात लिहिता येत नाही, लिहू नयेही. पण कोणाला दार द्यावे हे निवडता येते, आणि त्या निवडीची किंमत आपल्या खिशातून जाते. तशी ती गेली नाही तर ती निवड कसली?

सगळ्या दारांच्या मेझुझा मी तेथेच ठेवीत आहे. आजोबांच्या घरी आमची मेझुझा राहिली ती चुकीने, तरीही दुसऱ्यांनी साठ वर्षे तिचा मान ठेवला. येथे नियमानेच ठेवावयाची आहे, तेव्हा मी का कमी पडावे? आणि त्या घरच्या बाई ‘घर तुमचेच आहे’ म्हणाल्या ते खोटे का वाटले नाही, याचे उत्तरही यातच आहे. मालकी संपली होती, पण मागे ठेवलेले कोणीतरी सांभाळले होते.

निघण्यापूर्वी एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा केला. पोहे, खोबरे, गूळ, फळे, सर्व रीतीप्रमाणे. समोरच्या बाई खुर्चीवर बसून होत्या. सगळे गेल्यावर मी त्यांना सवयीने म्हणाले, ‘लेहित्राओत.’ त्या म्हणाल्या, ‘ते सगळेच म्हणतात. वार सांग.’

मी क्षणभर गप्प राहिले. मुख्याध्यापिकाही मला हेच सांगत होत्या, फक्त त्या सभ्य होत्या. वार नसलेले ‘येते’ हे वचन नव्हे, ती निरोपाची गोड चाल आहे. मी म्हटले, ‘मंगळवार.’ त्या म्हणाल्या, ‘दर मंगळवार?’ मी मनात बसचा, गुडघ्यांचा, नातवाच्या शाळेचा हिशेब केला आणि म्हटले, ‘दर पंधरा दिवसांनी.’ त्यांनी मान डोलावली. दर मंगळवार म्हणाले असते तर त्या खूष झाल्या असत्या आणि मी महिन्याभरात खोटी पडले असते.

त्याच रात्री अलिबागकडील शाळेला फोन केला. इकडचा-तिकडचा वेळ पाहून महिन्याच्या पहिल्या सोमवारी मोबाईलवर अर्धा तास गणित घेण्याचे ठरविले. त्या मुलीला सांगावयाला सांगितले की बाई प्रत्यक्ष कधी येतील ते ठरलेले नाही, पण पहिल्या सोमवारी त्या नक्की असतील.

वाचकहो, आपण सर्व निघालेली माणसे आहोत. कोणी मुंबईहून, कोणी ठाण्याहून, कोणी पेण-पनवेलहून ‘येते’ म्हणून निघालो आणि बहुतेक परत गेलो नाही. त्याबद्दल खंत करीत बसण्यात अर्थ नाही. परंतु पुढच्या उंबऱ्यावर हा शब्द तोंडी येईल तेव्हा त्याला एक वार जोडून पाहावा. जमेल तेवढाच, पण नक्की. आणि जेथे वार जोडता येत नाही, तेथे निदान दारावरचे काही काढून नेऊ नये.

पुढच्या मंगळवारी माझी पहिली फेरी आहे. येते.